घाटातल्या सरावासाठी ॲपल वॉच एसई की गार्मिन फोररनर ५५?

प्रश्न (सातारा): सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात सराव सुरू केला आहे. फोन ॲपलचाच आहे. ॲपल वॉच एसई (दुसरी पिढी, २०२२) आणि गार्मिन फोररनर ५५ (२०२१) यांपैकी एक घ्यायचे असून, धावण्याबरोबरच झोपेची नोंद आणि ऑफिसच्या वेळेतले फोन हेही पाहायचे आहे. जाणकारांनी कृपया सुचवावे.

उत्तर १: कंपन्यांच्या सांगण्यानुसार एसईची बॅटरी १८ तास चालते, तर फोररनरची साध्या वापरात १४ दिवस आणि जीपीएस सुरू असताना २० तास. शिवाय फोररनरला टचस्क्रीन नाही, पाच बटणे आहेत. आपल्याकडच्या पावसात ओल्या बोटांनी लॅप नोंदवताना त्याचे मोल कळते. माझे मत फोररनरला.

उत्तर २: मात्र प्रश्न घाटाचा आहे, हे विसरू नये. हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर फोररनर ५५ मध्ये नसल्यामुळे चढाचा आकडा जीपीएसच्या भरवशावर राहतो. एसईमध्ये तो सेन्सर आहे. मनगटावरून फोनवर बोलण्याची सोयही एसईतच आहे. रोज चार्जिंगचा कंटाळा नसेल, तर आपण एसई घ्यावे.

उत्तर ३: ईसीजी आणि रक्तातील ऑक्सिजनची नोंद दोन्हींत नाही. मनगटावरचा सेन्सर हिरव्या प्रकाशाने रक्तप्रवाह टिपतो, त्यामुळे पट्टा सैल असेल किंवा वेग एकदम बदलला, तर ठोक्यांचा आकडा चुकतो. छातीवर बांधून हृदयाचे ठोके मोजणारा ब्लूटूथ पट्टा दोन्हींना जोडता येतो. बजेटमध्ये त्याचे पैसे आधी धरावेत.