पाऊच मशिनला बीएलडीसी चालेल की एसी सर्व्होच हवी?

काजूवाला, कुंडई:
गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं काजूगर पॅकिंगचं छोटं युनिट आहे. पाऊच मशिनची फिल्म ओढणारी सर्व्हो मोटर (जागा अचूक मोजत फिरणारी) बंद पडलीय. नवीन फार महाग. एक विक्रेता म्हणतो, तेवढ्याच वॅटची ४८ व्होल्टची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी मोटर) बसवा, आतून दोन्ही सारख्याच. खरं का? चतुर्थीची ऑर्डर तोंडावर आलीय.

मेंटेनन्स, वेर्णा:
भाऊ, तो अर्धंच सांगतोय. फिरणाऱ्या रोटरवर चुंबक, स्थिर स्टेटरवर तीन फेजचं वाइंडिंग, ब्रश नाहीत, इथवर सारखं. पण साध्या बीएलडीसीत रोटरची जागा ओळखायला फक्त तीन हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारे) असतात. आठ पोलची मोटर धरली तर एका फेरीत तिला २४ जागा ओळखता येतात, म्हणजे दर १५ अंशांना एक. तुमचा रोलर ६० मिमीचा असेल तर घेर १८८ मिमी. भागिले २४, जवळजवळ ८ मिमीची चूक! सील थेट छापलेल्या नावावर बसेल. १:१० गिअरबॉक्स लावलात तरी पाऊण मिमी उरतो, वर गिअरचा प्ले (दात्यांमधली ढिलाई) वेगळा. १७ बिटच्या एन्कोडरची (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरची) सर्व्हो एका फेरीत १,३१,०७२ जागा मोजते.

शिवाय बीएलडीसीचा साधा ड्राइव्ह (मोटर चालवणारा कंट्रोलर) करंट सहा टप्प्यांत देतो. टप्पा बदलताना टॉर्क (फिरवण्याचा जोर) हलतो, सावकाश चालवताना धक्के जाणवतात. सर्व्होला साइन आकाराचा करंट मिळतो, म्हणून ती शांत ओढते.

विद्यार्थी, म्हापसा:
बीएलडीसीला एन्कोडर आणि चांगला ड्राइव्ह जोडला तर तीही सर्व्होसारखी चालते ना?

मेंटेनन्स, वेर्णा:
चालते, बरोबर. पण मग ड्राइव्ह नवा, मशिनच्या पीएलसीशी (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरशी) जुळवणी नवी. चतुर्थीआधी हा खटाटोप नको. बीएलडीसी कन्व्हेयरला लावा, तिथे ती उत्तम.

आणि भाऊ, मोटर खरंच जळलीय का? आमच्याकडे जुलैमध्ये सर्व्हो सारखी ट्रिप व्हायची. नवीन मागवणारच होतो. एन्कोडरचा कनेक्टर उघडला तर दोन पिनांवर हिरवट थर. खारी, दमट हवा! कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून, सुकवून बसवला, अजून चालतेय. तुम्हीही मेन बंद करा, ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा विझू द्या, मग उघडून बघा. अलार्म नंबर काय येतो तेही लिहा.

काजूवाला, कुंडई:
अलार्म एन्कोडरचाच आहे. उद्या सकाळी पहिलं तेच उघडतो.