‘ईर्षेने शिकली’ : कौतुक की दोष?

प्रश्न : शाळेच्या वार्षिक अंकातील एका लेखात मी ‘दहावीत एकदा नापास झाल्यावर ती ईर्षेने अभ्यासाला लागली’ असे लिहिले होते. हिंदी शिकवणाऱ्या सहकारी बाईंनी ‘ईर्षा म्हणजे मत्सर’ असे सांगून तो शब्द खोडला आणि ‘प्रेरित होऊन’ असे सुचवले. बदल चुकीचा म्हणता येत नाही, पण वाक्यातला जोर गेला असे वाटते. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १ : बाईंचे म्हणणे संस्कृत आणि हिंदीपुरते बरोबर आहे. ‘ईर्ष्या’ म्हणजे दुसऱ्याचे बरे न पाहवणे, आणि तो अर्थ मराठीतही पुसला गेलेला नाही. मात्र ‘ईर्षेने’ किंवा ‘ईर्षेला पेटून’ म्हणताना आपल्याला दुसऱ्याचे वाईट अभिप्रेत नसते, त्याच्याइतके किंवा त्याच्यापेक्षा चांगले करून दाखवण्याची धग अभिप्रेत असते. ‘जिद्द’ही याच वाटेने गेली. अरबी ‘जिद्द’ म्हणजे विरोध, हिंदीत ‘जिद्दी बच्चा’ म्हणजे हट्टी मूल, आणि मराठीत ‘मुलगी जिद्दी आहे’ हे सरळ कौतुक, कारण नकोशा अडेलपणासाठी आपल्याकडे ‘हट्ट’ वेगळा राखलेला आहे. ‘हौस’ तर अरबी-फारसी ‘हवस’मधून आली आणि इथे इतकी सोज्ज्वळ झाली, की हौशी नाट्यस्पर्धांत कोणालाही तिचा पूर्वेतिहास आठवत नाही.

‘प्रेरणे’त ‘ईर्’ हा हलवण्याचा, चालना देण्याचा धातू आहे (‘ईर्ष्ये’चा धातू वेगळा, अक्षरसाम्याने फसू नये). म्हणजे हलवणारा एक आणि हलणारा दुसरा. आपण ज्याला प्रयोजक क्रियापद म्हणतो त्याला हिंदी व्याकरणात ‘प्रेरणार्थक क्रिया’ म्हणतात, ते याच अर्थाने. ‘शिकणे’चे ‘शिकवणे’ होते तेव्हा मध्ये दुसरा माणूस आलेला असतो.

खरा निवाडा सोबतच्या क्रियापदावर करावा. प्रेरणा मिळते. गोडी लागते, आणि मन लावून प्रयत्न केला तर दुसऱ्याला लावताही येते. हुरूप येतो, ध्यास लागतो किंवा घेतला जातो. ईर्षेला मात्र माणूस स्वतः पेटतो. ‘शिक्षकांनी तिला ईर्षा लावली’ असे कोणी म्हणत नाही. फार तर डिवचून ती जागी करता येते. आपल्या लेखातील मुलीला कोणी धीर दिला असेल, तर ‘प्रेरणा मिळाली’ म्हणावे आणि ती कोणाकडून हेही सांगावे. नापास होण्याचा सल हेच कारण असेल, तर ‘ईर्षेने’ हाच शब्द नेमका आहे.

प्रतिसाद २ : वरील यादीत ‘उमेद’ हवी. फारसीत ती निव्वळ आशा, मराठीत आशेला कंबर कसण्याची जोड मिळाली. आज ‘उमेदवार’ म्हटले की निवडणूक आठवते, पण ‘उमेदवारी करणे’ म्हणजे पुढे काम मिळेल या आशेवर बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर धंदा शिकणे. माझ्या आजोबांनी एका छापखान्यात अशी उमेदवारी केली. पहिले कित्येक महिने त्यांना मजकूर जुळवायला मिळालाच नाही. छापून झालेली पाने सोडवायची आणि एकेक खिळा (म्हणजे छपाईचे धातूचे अक्षर) पुसून आपापल्या खणात परत टाकायचा, एवढेच काम. ‘खण पाठ झाले, तेव्हा न शिकवताच निम्मा धंदा आला होता,’ असे ते सांगत. 1961 च्या ‘अप्रेंटिसेस ॲक्ट’ या कायद्याखालील प्रशिक्षणार्थींना सरकारी मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. त्यात हा जुना अर्थ अजून टिकून आहे, हे मला बरे वाटते.

प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. त्या मुलीलाच विचारले. तिची धाकटी बहीण त्याच वर्षी नववी पास होऊन तिच्या वर्गात आली होती. ‘ईर्षेने’ परत घातले आहे, आणि प्रतिसाद १ बाईंना वाचायला दिला आहे.