2027 ला मगोचं काय होणार?

डिचोलीकर: गोव्यात 2027 च्या विधानसभेला मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) दोन आमदारांच्या वर जाईल का? आमच्या घरी अजून सिंहालाच, म्हणजे मगोच्या चिन्हालाच मत असतं म्हणून विचारतोय.

फोंडेवाला: अवघड आहे. 2012 ला तीन, 2017 ला तीन, 2022 ला दोन. मडकईत सुदिनबाब (ढवळीकर) स्वतःच्या ताकदीवर येतात, मांद्रेत जीत आरोलकर, बाकी केडर कुठंय? आणि तृणमूलबरोबर लढून निकालानंतर लगेच भाजपला पाठिंबा दिला, मग विरोधी मतं यांना कोण देणार?

बार्देशी: भाजपबरोबरच्या युतीत जागा किती मिळतात ते बघा आधी. प्रियोळला मगोचे दीपकबाब (ढवळीकर) गेल्या वेळी जेमतेम दोन-अडीचशे मतांनी पडले, ती जागा हे मागणारच, पण तिथं आमदार भाजपचे गोविंद गावडे! मंत्रिपद गेलं तरी माणूस गप्प बसणारा नाही.

डिचोलीकर: म्हणजे भाऊसाहेब बांदोडकरांनी काढलेल्या पक्षाचं तिकीटवाटप आता भाजप ठरवणार, वा!