वरचा मजला, पग आणि लॅब : एप्रिल-मे कसा काढायचा?

गच्चीखालचा_फ्लॅट
पुण्यात धायरीत शेवटच्या मजल्यावर राहतो. दोन कुत्री आहेत : एक पग (३ वर्षं, ९ किलो) आणि एक लॅब्रडॉर (५ वर्षं, ३४ किलो). सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा घरात कुणी नसतं. एसी नाही, कूलर आहे. तेवढा पुरेल का? सहाला आल्या आल्या फिरवलं तर चालेल का? आणि दोघांचे केस मशीनने अगदी बारीक करून घ्यावेत का?

तळजाईकर
केस अजिबात काढू नका. लॅबला आणि बहुतेक पगनाही दुहेरी केस असतात. आतली मऊ लव गळायला आलेली असते, ती एक दिवसाआड ब्रशने काढा म्हणजे कातडीपर्यंत वारा पोचतो. वरचे केस ऊन अडवतात, ते भादरले तर कातडी भाजते.

कूलर पुण्यात एप्रिलमध्ये चांगला चालतो, कारण दुपारची हवा कोरडी असते. पण समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. सगळं बंद ठेवलंत तर खोलीत दमटपणा साठतो आणि कुत्र्याला धापेतून अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. पगचं नाक मुळात चपटं, त्याला हे आधी बाधतं. वळवाच्या पावसानंतर कूलर बंद, नुसता पंखा लावा. टाकीत वाळ्याचं अत्तर, फिनाईल वगैरे काही टाकू नका, कुत्री ते पाणी पितात.

वरच्या मजल्याचा खरा त्रास संध्याकाळी असतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. म्हणून दिवसा त्यांची जागा पॅसेजमध्ये किंवा बाथरूमच्या फरशीवर ठेवा आणि दार उघडंच राहील अशी अडणी लावा. वाऱ्याने दार लागलं तर कुत्रं आत पाण्याविना अडकतं. सोसायटी परवानगी देत असेल तर गच्चीवर चुना किंवा पांढरा रंग मारून घ्या.

सहाला फिरवणं चूक. एप्रिलमध्ये तेव्हा डांबर तापलेलंच असतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर परत फिरा. सहाला फक्त खाली मातीत शी-शू, मोठी फेरी रात्री साडेआठनंतर किंवा पहाटे. टेकडीची मातीची वाट डांबरापेक्षा बरी. पगला गळ्यातला पट्टा नको, छातीचा हार्नेस घाला. तोंड आवळून धरणारी कापडी मुसकी तर उन्हाळ्यात जीवघेणी, तोंड उघडलंच नाही तर धाप लागणार कशी?

पाणवठा
पाण्याचा अंदाज किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली, म्हणजे पगला साधारण अर्धा लिटर, लॅबला दोन लिटर. उन्हाळ्यात याहून जास्त लागतं, म्हणून भांडी किमान दोन, वेगवेगळ्या जागी. जड मातीचं पातेलं घ्या, कलंडत नाही आणि पाणी गार राहतं. गुरुवारी पाणी बंद असेल तर बुधवारीच भरून ठेवा.

मोठं जेवण सकाळी लवकर आणि रात्री. बिया काढलेलं कलिंगड चालतं. आंब्याची कोय हाताशी ठेवू नका, लॅब ती गिळतो आणि आतड्यात अडकली की थेट ऑपरेशन. द्राक्षं, मनुका कुत्र्याला विषारी. ताक काहींना पचत नाही. द्यायचंच तर बिनमिठाचं, दोन-तीन चमचे देऊन बघा.

डिजिटल_थर्मामीटर
उष्माघाताबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गुदद्वारात घेतलेलं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या पुढे गेलं की थांबू नका. थांबत नसलेली धाप, चिकट तार सुटणारी लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, झोकांड्या ही लक्षणं.

आधी गार करायचं, मग दवाखाना. सावलीत आणा, पोट, जांघा, पंजे यांवर साधं पाणी ओतत राहा आणि पंखा फुल करा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, खाली वाफ कोंडते. तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जातं. १०३ ला आलं की ओतणं थांबवा, नाहीतर तापमान फारच खाली जातं.

तुमच्यासाठी खास : दुपारी नळाला गच्चीवरच्या टाकीचं कढत पाणी येतं. सकाळीच दोन बादल्या भरून बाथरूममध्ये झाकून ठेवा.

कुत्रं उठून बसलं तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याचे बिघाड एक-दोन दिवसांनी वर येतात.

गच्चीखालचा_फ्लॅट
आभारी आहे. पण कुत्रं नुसतं सुस्त असेल तर ऊन लागलंय की गोचीड-ताप, हे घरी कसं ओळखायचं?

डिजिटल_थर्मामीटर
नक्की घरी नाही कळत, अंदाज येतो. पहाटे, गारव्यात, विश्रांती झालेली असताना तापमान मोजा. तेव्हाही १०३ च्या वर असेल, खाणं सुटलं असेल, हिरड्या फिकट असतील किंवा नाकातून रक्त येत असेल, तर गोचीड-तापाचा संशय धरा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, प्लेटलेट्ससकट. घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन देऊ नका, दोन्ही कुत्र्याला घातक.

तळजाईकर
आणि गोचीड फक्त अंगावर शोधू नका. मादी अंडी घालायला उतरते आणि भिंतीच्या फटीत, सोफ्यामागे, दाराच्या चौकटीत जाते. फटी लांबीने (पुट्टीने) बुजवा. अंगावरची चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल लावायचं नाही, बोटांनी चिरडायची नाही. गोचिडीवरची गोळी द्यायची तर वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्या, आणि कुत्र्याला फिट येत असतील तर तेही आधी सांगा.