आईच्या जुन्या साड्या-चादरींचं काय करू? (पुणे, बजेट ८०० रुपये)

माळ्यावरची_पेटी: आईचं घर आवरतेय. ढीगभर सुती साड्या, विरलेल्या चादरी, थोड्या सिंथेटिक साड्या, जीन्स आणि दोन-तीन स्वेटर निघालेत. कचऱ्याच्या गाडीत टाकवत नाही. कुणाला देऊ, की काही शिवून घेऊ? शिलाईला ८०० च्या वर जमणार नाही.

सुईदोरा: गोधडी! दुसरा विचारच नको. सासूबाईंच्या दोन नऊवारी वर-खाली, आत चादरी, सगळा हाताचा धावदोरा. अडीच हजार पडले, पण अशी ऊब विकतच्या रजईला नाही.

सातारकर: अडीच हजार? आमच्याकडे निम्म्यात होते. आणि आत जीन्स घालू देऊ नका. सुई मोडते, आणि धुतल्यावर दोघांनाही पिळवत नाही. आमची तशीच पडून आहे.

निळी_छत्री: बोहारणीला द्या, विषय संपला. मला एका जुन्या पैठणीवर मोठा स्टीलचा डबा मिळाला.

सुईदोरा: पैठणी दिलीत?? जुन्या खऱ्या जरीत चांदी असते, जुनी जर विकत घेणारे तिचे पैसे देतात. पेटीताई, जरीच्या साड्या आधी बाजूला काढा.

निळी_छत्री: माझ्या पैठणीची जर खोटीच होती, दाखवून आणली होती. डबा उत्तम आहे.

पाऊलवाट: बोहारणी आता येतात कुठे?

निळी_छत्री: आमच्या पेठेत येतात. घेतलेलं धुऊन, उसवलेलं शिवून विकतात. कापड वाचवणारी ही माणसं फार जुनी आहेत, त्यांना कमी लेखू नका.

गिरणीवाला: कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलं म्हणून सांगतो, आधी प्रकार ओळखा. कडेचा एक धागा काढून जपून जाळा. सुती कागदासारखा जळतो, मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. दोन्ही मिसळलेलं कापड वेगळं करणं फार अवघड, म्हणून त्याचा पुन्हा चांगला धागा होत नाही. लोकरीचं तसं नाही. पानिपतला जुने स्वेटर रंगानुसार निवडतात, पिंजून सूत काढतात, त्याची ब्लँकेटं होतात. निवड रंगाची असल्यानं बऱ्याचदा पुन्हा रंगवावंही लागत नाही.

सातारकर: दोन स्वेटर घेऊन पानिपतला कोण जाणार? ताई पुण्यात आहेत.

पाऊलवाट: 'गूंज' या जुने कपडे घेणाऱ्या संस्थेला द्या. १९९९ पासून काम आहे, सुती कापडाचे सॅनिटरी पॅडही करतात. पण धुऊन द्या. रस्त्यावरच्या कुठल्याही पेटीत टाकू नका. आमच्या सोसायटीबाहेरच्या पेटीतले कपडे आख्खा पावसाळा भिजत होते. कोण उचलतं, कधी उचलतं, ते विचारा.

हिरवा_चुडा: मीही गोधडीच म्हणणार होते. तीन हजार लागतील, पण करा.

माळ्यावरची_पेटी: सगळ्यांचे आभार. धागे जाळून पाहिले, सुती समजलेल्या दोन साड्यांची गोळी झाली! त्या आणि सिंथेटिक बोहारणीला. जीन्स, स्वेटर धुऊन 'गूंज'ला. गोधडी मात्र नाही. वहिनीला सातवा लागलाय, आईच्या सुती साड्यांची दुपटी आणि लंगोट मीच शिवणार. आईचं मशीन आहे, दोऱ्याचा तेवढा खर्च.

सुईदोरा: एक तरी छोटी गोधडी करा हो.

हिरवा_चुडा: काठ आधी उसवून घ्या, बाळाला टोचतात. लंगोटांना चादरीचं कापड वापरू नका, साडीचंच घ्या. आणि शिवल्यावर उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा.