रुंद पावलांसाठी आइस हॉकीचे स्केट : अडीचशे डॉलरच्या आत नीट बसणारा जोड मिळेल का?

मीनल_मिसिसागा :

नमस्कार. मी कॅनडातल्या मिसिसागा येथे राहते आणि येत्या सप्टेंबरपासून सुरू होणाऱ्या प्रौढांच्या प्राथमिक आइस हॉकी वर्गात नाव नोंदवले आहे. आतापर्यंत रिंकवरचे, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावरचे, भाड्याचे स्केट वापरले. त्यांत अर्ध्या तासाच्या आत करंगळीच्या मुळाशी असह्य दुखू लागते, आणि पायाला मोकळे वाटावे म्हणून एक माप मोठे घेतले तर टाच आत वरखाली होऊन वळताना तोल जातो. त्यामुळे स्वतःचे स्केट घ्यायचे ठरवले आहे.

माझ्या पावलाचा चवडा रुंद आहे, टाच मात्र अरुंद आहे. रोजचे बूट मला स्त्रियांच्या साडेआठ मापाचे आणि तेही रुंद प्रकारातले लागतात. घरी कागदावर उभे राहून पावलाची बाह्यरेषा काढली, तेव्हा चवड्याची रुंदी साधारण १०२ मि.मी. आणि टाचेची ६२ मि.मी. भरली. कर धरून अडीचशे डॉलरपेक्षा अधिक खर्च करण्याची आज माझी तयारी नाही, कारण हेल्मेट, पॅड आणि बाकीचे साहित्यही घ्यायचे आहे. दुकानांत ‘फिट ३’, ‘ईई’, ‘वाइड’ असे निरनिराळे शब्द ऐकायला मिळतात, आणि प्रत्येक विक्रेता वेगळेच मॉडेल सुचवतो. रुंद पावलाच्या व्यक्तीने नेमके काय पाहून निर्णय घ्यावा, आणि इतक्या रकमेत चांगला जोड मिळण्याची शक्यता कितपत आहे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

धार_आणि_नाडी :

मीनलताई, तुम्ही टाच आणि चवडा या दोन्हींची मापे दिलीत हे फार बरे केले, कारण रुंद पावलाचा प्रश्न एका आकड्याने सुटत नाही. मी काही हिवाळे क्रीडासाहित्याच्या दुकानात स्केट बसवून देण्याचे आणि पात्यांना धार लावण्याचे काम केले आहे. तिथे येणाऱ्या बहुतेक रुंद पावलांच्या ग्राहकांनी रुंदी मिळावी म्हणून लांबी वाढवलेली असे, आणि त्यांच्या अर्ध्याअधिक तक्रारींचे मूळ तेवढ्यात सापडे. लांब स्केटमध्ये चवड्याला जागा मिळते खरी, पण टाच मोकळी पडते, बुटाची वाकण्याची जागा घोट्याच्या पुढे सरकते, आणि पाते पावलाच्या मानाने चुकीच्या ठिकाणी येते. मग टाच रोखण्यासाठी नाडी अधिक आवळली जाते, आणि आवळलेल्या नाडीने पावलाच्या वरच्या बाजूचे स्नायुबंध दुखावतात. त्या दुखण्याला इथले खेळाडू ‘लेस बाइट’ म्हणतात आणि ते एकदा जडले की आठवडे जातात.

आधी लांबीचे पाहू. हॉकीचे स्केट स्त्री-पुरुषांसाठी एकाच मोजमापात येतात, आणि बावर किंवा सीसीएम या कंपन्यांच्या स्केटचे माप पुरुषांच्या बुटाच्या मापापेक्षा साधारण एक ते दीडने लहान असते. स्त्रियांचे साडेआठ म्हणजे पुरुषांचे सुमारे सात, म्हणून तुमचे स्केट साडेपाच किंवा सहा मापाचे असायला हवे. दुकानात पातळ मोजा घालून नाडी पूर्ण बांधा आणि सरळ उभ्या राहा. बोटांची टोके पुढच्या कडक टोपणाला जेमतेम लागली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून खेळण्याच्या पवित्र्यात आल्यावर टाच मागे बसून बोटे किंचित मोकळी झाली पाहिजेत. सरळ उभे राहूनही बोटे कुठेच लागत नसतील, तर तो बूट कितीही सुखाचा वाटला तरी लांब आहे.

रुंदी पाहताना मात्र चवडा, टाच आणि पावलाची वरची उंची या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. उंचीची परीक्षा सोपी आहे. नाडी न बांधता टाच मागे टेकवा, बुटाची जीभ पुढे ओढून घ्या, आणि वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर आडवी पेन्सिल ठेवा. पेन्सिल पावलाला न टेकता दोन्ही कडांवर सपाट बसली, तर बूट पुरेसा खोल आहे. पावलावर टेकून ती डुगडुगू लागली, तर बूट उथळ आहे. असा उथळ बूट चवड्याला बसत असला तरी घेऊ नका.

शब्दांचा घोळ असा आहे. पूर्वी बावरच्या मॉडेलांत ‘डी’ म्हणजे साधारण आणि ‘ईई’ म्हणजे रुंद अशा दोनच रुंदी असत, आणि रुंद व भरदार पावलांसाठी त्यांची नेक्सस ही मालिका प्रसिद्ध होती. २०२० च्या सुमारास त्यांनी फिट १, फिट २ आणि फिट ३ अशी अरुंदापासून रुंदाकडे जाणारी पद्धत आणली आणि नेक्ससचे स्केट हळूहळू बंद झाले. सीसीएमने त्याच धर्तीवर टेपर्ड, रेग्युलर आणि वाइड असे तीन प्रकार ठेवले आहेत. काही स्वस्त मॉडेलांवर अजूनही जुनीच अक्षरे दिसतात. यात ध्यानात घेण्याची गोष्ट ही की फिट ३ म्हणजे नुसता रुंद चवडा नव्हे. त्या प्रकारात टाचेची जागा आणि बुटाची खोलीही वाढलेली असते, त्यामुळे ज्यांचे पाऊल सगळीकडूनच भरदार आहे त्यांच्यासाठी तो उत्तम, आणि तुमच्यासारख्या पावलासाठी मात्र घेण्यापूर्वी नीट पारखून घ्यावा असा.

ब्रॅम्प्टनकर :

वरचे विवेचन मला पूर्णपणे मान्य आहे. मी फक्त पैशांच्या बाजूने काही सांगतो, कारण मीनलताईंच्या मापाला एक फायदा आहे जो दुकानदार आपण होऊन क्वचितच सांगतात.

चार ते साडेसहा ही मापे बहुतेक कंपन्या ‘इंटरमीजिएट’ गटात विकतात, आणि सातपासून पुढची ‘सीनियर’ गटात. त्याच नावाचे मॉडेल इंटरमीजिएट गटात बऱ्यापैकी स्वस्त पडते. बूट थोडा कमी कडक असतो आणि काही मॉडेलांत पाते कमी प्रतीचे असते, परंतु नव्याने शिकणाऱ्या आणि वजनाने फार भारी नसलेल्या व्यक्तीला त्याचा तोटा जाणवत नाही. उलट बूट लवकर पायाशी जुळतो. म्हणून साडेपाच किंवा सहा माप बसत असेल तर केवळ ‘मोठ्यांचे’ असे लिहिले आहे म्हणून सीनियर गटाकडे जाऊ नका.

दुसरे असे की नवी मॉडेले बहुधा वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत बाजारात येतात आणि त्याच काळात गेल्या हंगामाचा माल उतरत्या किमतीत निघतो. गेल्या वर्षीचे मधल्या पायरीचे मॉडेल आणि या वर्षीचे सर्वांत खालच्या पायरीचे मॉडेल एकाच किमतीला मिळत असतील, तर डोळे मिटून पहिले घ्या. सर्वांत खालच्या पायरीचे बूट मऊ कृत्रिम कापडाचे असतात आणि तापवून त्यांना आकार दिला तरी तो फारसा टिकत नाही. रुंद पावलाला तर या आकार देण्याचाच मुख्य आधार असतो. ओंटारिओत वर १३ टक्के एचएसटी हा विक्रीकर लागतो हे धरून चाललात तर फलकावरची किंमत २२० डॉलरच्या आसपास थांबवावी लागेल.

आणि तेही न जमल्यास वापरलेले स्केट पाहायला हरकत नाही. ‘प्ले इट अगेन स्पोर्ट्स’सारख्या दुकानांत घालून पाहण्याची सोय असते, म्हणून ऑनलाइन जाहिरातींपेक्षा मला ती बरी वाटतात. बंद झालेल्या नेक्ससचे जोड अजूनही अशाच ठिकाणी मिळतात. घेताना पात्यात किती पोलाद शिल्लक आहे ते पाहावे, पाते धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या भागाला तडा आहे का ते तपासावे, आणि आतली गादी उचलून तळाचे रिव्हेट गंजलेले किंवा सैल झालेले नाहीत याची खात्री करावी. बुटाचा घोट्याजवळचा भाग हाताने दाबून पाहावा. तो कापडासारखा आत जात असेल, तर त्या बुटाचे आयुष्य संपले आहे.

धार_आणि_नाडी :

ब्रॅम्प्टनकर, इंटरमीजिएटचा मुद्दा अगदी बरोबर आहे. वापरलेल्या स्केटबद्दल मात्र रुंद पावलाच्या व्यक्तीला मी थोडे सावध करीन. आधीच्या मालकाच्या पायावर बेतलेला बूट पुन्हा तापवता येतो, पण दर वेळी तापवल्याने आतले थर थोडे थोडे सैल होतात, आणि आधीच्या अरुंद घोट्याचा आकार पूर्णपणे जाईलच असे नसते. शिवाय ज्या दुकानातून नवा जोड घेतला जातो तिथे तापवून देणे आणि एखादी जागा ताणून देणे हे बहुधा किमतीतच धरलेले असते. जुन्या जोडासाठी या दोन्ही गोष्टींचे वेगळे पैसे पडतात. पाते संपत आले असेल तर नव्या पात्यांचा खर्च आणखी वर. हे सगळे मिळवले की स्वस्त वाटलेला जोड अनेकदा नव्याच्या किमतीला जाऊन भिडतो.

सपाट_पाऊल_कॅल्गरी :

माझा अनुभव थोड्या वेगळ्या बाजूचा आहे आणि तो मीनलताईंनी खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावा असे मला मनापासून वाटते. मी सांगली जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलो. शाळेचे दिवस अनवाणी किंवा चपलांत गेले, त्यामुळे माझा चवडा पसरट आहे हे मी गृहीतच धरले होते. इथे पायांच्या तज्ज्ञांनी तपासले तेव्हा कळले की माझ्या पावलाची कमान भार पडताच खाली बसते आणि त्यामुळे चवडा अधिक पसरतो. बसून घेतलेले माप आणि उभे राहून घेतलेले माप यांत माझ्या बाबतीत डोळ्यांना दिसण्याइतका फरक पडतो.

याची परीक्षा घरच्या घरी होते. पाऊल ओले करून कोरड्या फरशीवर किंवा जाड कागदावर भार देऊन टेकवा. आतल्या बाजूला कमानीची पोकळी उमटली नाही आणि सगळा तळवा भरून ठसा आला, तर पाऊल सपाट आहे असे समजावे. मग पुन्हा एकदा खुर्चीवर बसून बाह्यरेषा काढा आणि दोन्ही मापांची तुलना करा. फरक मोठा असेल, तर स्केटमधली पातळ मूळ गादी काढून कमानीला आधार देणारी कडक गादी घातल्याने पाऊल कमी पसरते, टाच खोलगट भागात स्थिर बसते, आणि कधीकधी पुढच्या रुंदीची गरजच उरत नाही. अशी तयार गादी पन्नास-साठ डॉलरच्या आसपास मिळते. खर्च अडीचशेच्या आतच बसवायचा असेल, तर स्केट थोडे स्वस्त घेऊन ही रक्कम राखून ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. गादी आधी घ्या आणि स्केट घालून पाहताना तीच आत ठेवा, कारण तिने पाऊल थोडे वर उचलले जाते आणि बुटाच्या खोलीचा हिशेब बदलतो.

मीनल_मिसिसागा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओल्या पावलाची परीक्षा केली. कमानीची पोकळी स्पष्ट उमटते आणि बसून व उभे राहून घेतलेल्या मापांत फरक अगदी थोडा आहे, म्हणजे चवडा मुळातच रुंद आहे असे दिसते. शनिवारी दोन दुकानांत जाऊन आले. एका ठिकाणी पावलाचे स्कॅन करून फिट ३ सुचवले. त्यात चवड्याला आराम आहे, पण नाडी बांधूनही पंजांवर उभे राहिले की टाच उचलली जाते. दुसऱ्या ठिकाणी गेल्या हंगामातले इंटरमीजिएट साडेपाच मापाचे फिट २ दाखवले. किंमत कर धरून दोनशेतीस डॉलर. टाच घट्ट बसते, पेन्सिलही सपाट राहते, परंतु करंगळीच्या मुळाशी दाब जाणवतो. विक्रेत्याने ती जागा ताणून देऊ असे सांगितले. यावर विश्वास ठेवावा का?

धार_आणि_नाडी :

टाच आणि खोली नीट बसत असेल, तर माझे मत निःसंशय दुसऱ्या जोडाकडे आहे. चवड्याच्या बाजूची जागा वाढवता येते, पण सैल टाच घट्ट करण्याचा कायमचा उपाय नाही. गाद्या आणि पट्ट्या चिकटवून थोडे दिवस निभते, इतकेच. पण पैसे देण्यापूर्वी दाब नेमका कुठे आहे ते बोटाने चाचपून पाहा. करंगळीच्या मुळाचा सांधा जर बुटाच्या बाजूच्या भागाला लागत असेल, तर तो भाग गरम करून आतून साच्याने बाहेर दाबता येतो आणि काही मिलिमीटर जागा हमखास मिळते. मात्र बोटे पुढच्या कडक टोपणात दोन्ही बाजूंनी दाबली जात असतील तर थांबा. ते टोपण कडक प्लास्टिकचे असते आणि ताणले जात नाही, म्हणून तिथे अरुंद असलेला बूट कोणत्याही कारागिराच्या हाती रुंद होणार नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी बूट तापवून पायावर बेतून घ्यावा. दुकानातल्या भट्टीत साधारण ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटे बूट मऊ केला जातो, मग तुम्ही तो घालून टाच मागे ठोकून बसवायची, नाडी बेताने बांधायची आणि दहा-पंधरा मिनिटे खुर्चीवर स्वस्थ बसून राहायचे. त्या वेळी उभे राहू नये आणि नाडी बाहेरच्या बाजूला जोराने ओढू नये, नाही तर मऊ झालेल्या बुटातून नाडीची छिद्रे उपटून येण्याचा धोका असतो. त्यानंतर एक पूर्ण दिवस बूट थंड होऊ द्यावा. एवढ्यानेच पुष्कळदा दाब निम्मा होतो. मग रिंकवर एकदोनदा घालून पाहावे, आणि जिथे अजून दुखते तिथे बुटावर बाहेरून खडूने खूण करून तेवढीच जागा ताणून घ्यावी. सुरुवातीलाच अंदाजाने ताणलेला बूट नंतर दुसऱ्याच ठिकाणी सैल निघतो. पुढची ताणण्याची कामे किमतीत धरली आहेत का, हे मात्र पावतीवर लिहून घ्या.

नाडी बांधताना खालची तीन-चार छिद्रे चवड्यावर सैल ठेवावीत, पाऊल जिथे वर वळते तिथे घट्ट आवळावे, आणि वरच्या टोकाला पुन्हा इतके मोकळे ठेवावे की गुडघा पुढे वाकेल. रुंद चवड्याला याने खूप फरक पडतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. नवे स्केट बहुधा धार न लावताच येतात, तेव्हा बर्फावर उतरण्यापूर्वी धार लावून घ्या. धार लावताना पात्याच्या तळाला जी गोलाकार खोबण कोरतात, तिची त्रिज्या नेहमी अर्धा इंच असते, आणि त्रिज्या मोठी तितकी खोबण उथळ. शिकताना पाते बर्फात फार रुतू नये म्हणून पाच अष्टमांश इंच मागा.