खेळाडूचे व्यक्तिचित्र: चेहरा इतका परिचित असताना चित्रकाराने नेमके काय रंगवायचे?

काजळरेघ:
मी हौशी चित्रकार आहे आणि व्यक्तिचित्रणाचा सराव बहुतेक समोर बसलेल्या माणसांवरूनच केला आहे. आता एका नामवंत धावपटूचे तैलचित्र करण्याचे मनात आहे. मात्र ती व्यक्ती माझ्यासमोर बसण्याची शक्यता नसल्यामुळे आधार छायाचित्रांचाच घ्यावा लागेल. अडचण अशी की, लोकांनी हा चेहरा इतक्या वेळा पाहिला आहे की साम्य साधले तर ‘हुबेहूब फोटो’ म्हणून विषय संपतो आणि साम्य हुकले तर हसे होते. मदेइरा विमानतळावर २०१७ साली बसवलेल्या रोनाल्डोच्या अर्धपुतळ्याची जगभर किती थट्टा झाली, ते आठवत असेलच. धावण्याचा क्षण घ्यावा की नुसता चेहरा, हेही ठरत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

पडछाया:
धावण्याचा क्षण कॅमेऱ्याकडेच राहू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने डेव्हिड बेकहॅमचे व्यक्तिचित्र सॅम टेलर-वूड (आताच्या टेलर-जॉन्सन) यांच्याकडून करून घेतले, तेव्हा २००४ साली त्यांनी त्याला झोपलेला दाखवला: सुमारे तासाभराचे, एकसलग चित्रित केलेले दृश्य, आणि त्यात फुटबॉलचा मागमूसही नाही. डग्लस गॉर्डन आणि फिलिप पारेनो यांनी एप्रिल २००५मधल्या एका सामन्यात सतरा कॅमेरे केवळ झिदानवर रोखले होते. त्यात चेंडू मिळण्याच्या क्षणांपेक्षा त्याचे चालणे, थांबणे, बुटाचे टोक गवतावर घासणे हेच अधिक दिसते. प्रेक्षकाला सामन्यात जे पाहायला फुरसत नसते, ते या दोन्ही कलाकृतींनी दाखवले. तुमच्या धावपटूचेही असे काही निरीक्षण तुमच्याजवळ आहे का, हे आधी तपासावे.

तिरपी रेघ:
पडछाया यांची उदाहरणे चांगली असली तरी ती चलचित्रांची आहेत; तिथे काळ मदतीला असतो, तर कॅनव्हासवर एकच स्थिर प्रतिमा उरते. चित्रांतले जवळचे उदाहरण म्हणजे अँडी वॉरहॉलने रिचर्ड वाइझमन या संग्राहकासाठी १९७७ साली केलेली दहा खेळाडूंची मालिका. पेलेजवळ चेंडू, ख्रिस एव्हर्टजवळ रॅकेट अशी बहुतेकांची ओळख साधनावरून पटते. मला ही मालिका वॉरहॉलच्या कामांत काहीशी उथळ वाटते, पण एक गोष्ट लक्षात घ्यावी: त्यासाठीची पोलरॉइड छायाचित्रे त्याने स्वतः काढली होती.

दुसऱ्याच्या छायाचित्रावर विसंबण्यात कायद्याचाही प्रश्न येतो. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ साली काढलेल्या गायक प्रिन्सच्या छायाचित्राचा एकदाच वापर करण्याचा परवाना एका नियतकालिकाने १९८४ साली ४०० डॉलरना घेतला आणि त्यावरून वॉरहॉलने एक नव्हे, सोळा चित्रे केली. प्रिन्सच्या निधनानंतर २०१६ साली त्यांतले एक मुखपृष्ठावर आले, वॉरहॉल प्रतिष्ठानाला १०,००० डॉलर मिळाले आणि गोल्डस्मिथ यांना काहीच मिळाले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल नियतकालिकाला चित्र वापरू देण्यापुरताच मर्यादित होता. घरातल्या सरावचित्राला त्याची भीती नाही. मात्र चित्र विकायचे किंवा छापायचे असेल, तर छायाचित्रकाराची परवानगी आधीच घ्यावी. इतर देशांचे नियम वेगळे असू शकतात.

हातोटी:
थोडे कारागिरीविषयी. खेळाडूंची छायाचित्रे बहुधा लांबून, टेलिफोटो भिंगातून काढलेली असतात. त्यामुळे नाक, गाल आणि कान जवळजवळ एकाच प्रतलात आल्यासारखे दिसतात, आणि ते जसेच्या तसे उतरवले की चेहरा पुठ्ठ्याचा वाटू लागतो. तुम्ही समोरच्या माणसावरून सराव केलेला असल्याने ही खोली तुम्हाला परत आणता येईल. शिवाय सेकंदाच्या हजाराव्या भागात गोठलेला परिश्रमाचा भाव डोळ्यांना कधी दिसतच नाही. तो रंगवला तर साम्य अचूक असूनही माणूस ओळखू येत नाही. ध्वनिचित्रफिती पाहत पेन्सिलीने भराभर रेखाटने करावीत आणि रंगवताना शक्यतो त्यांवरूनच काम करावे. धावपटूची निम्मी ओळख मान आणि खांद्यांच्या ठेवणीत असते, त्यामुळे चेहऱ्यापाशीच चित्र कापू नये.

साम्याचा धसका मात्र फार घेऊ नये. एमी शेराल्ड यांनी केलेले मिशेल ओबामा यांचे चित्र २०१८ साली खुले झाले, तेव्हा चेहरा जुळत नाही अशी तक्रार अनेकांनी केली होती. त्वचा करड्या छटांत रंगवणे ही शेराल्ड यांची जुनी पद्धत आहे आणि ती या चित्रासाठीही त्यांनी सोडली नाही. आकारही मोठाच हवा असे नाही: लुसियन फ्रॉइड यांनी २००१ साली पूर्ण केलेले राणी एलिझाबेथ यांचे चित्र जेमतेम २३.५ बाय १५.२ सेंटिमीटरचे आहे, आणि मुकुटासाठी त्याची वरची बाजू नंतर वाढवावी लागली होती.

काजळरेघ:
सर्वांचे आभार. शर्यत सुरू होण्यापूर्वी मार्गिकेमागे उभे असताना ही व्यक्ती एक खांदा किंचित खाली सोडते, हे मी अनेक चित्रफितींत पाहिले आहे. कमरेपर्यंतची तीच स्थिती घेऊन, मध्यम आकाराच्या कॅनव्हासवर रेखाटनांवरून काम करीन. एक शंका उरते: त्या प्रसंगी प्रकाश स्टेडियमच्या दिव्यांचा, चहूबाजूंनी येणारा असतो आणि सावल्या जवळजवळ नाहीशा होतात. तो तसाच ठेवावा की एका बाजूचा प्रकाश कल्पून घ्यावा?

हातोटी:
तसाच ठेवून पाहावा. सावलीऐवजी थंड आणि उष्ण रंगांच्या फरकातून घडण दाखवावी लागेल. ते अवघड आहे, पण एका बाजूच्या प्रकाशात ती व्यक्ती मैदानावर नव्हे, स्टुडिओत उभी असल्यासारखी दिसेल.